वास सांगणारी

अमळनेरच्या एका तेलगिरणीत चुडामण पाटलांनी एकतीस वर्षं नोकरी केली. ती त्यांनी हातापायांनी कमी आणि नाकानं जास्त केली, असं गिरणीतली माणसं म्हणायची. शेंगदाण्याचा ट्रक आवारात लागला की आधी चुडामण नानांना बोलावणं जायचं. नाना पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, तळाचे दाणे काढून तळहातावर चोळायचे, मूठ नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "घ्या उतरून." नाहीतर, माल साठून शिळा झाला असेल तर, म्हणायचे, "हाऊ माल बसेल शे, परत धाडा." काचेच्या नळ्या घेऊन बसणारा एक शिकलेला केमिस्टही गिरणीत होता, पण त्याचा कागद यायला संध्याकाळ व्हायची. नानांचा निकाल तिथल्या तिथं. आणि केमिस्टच्या कागदाशी तो कधी जुळला नाही, असं झालं नव्हतं.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या भाद्रपदात नानांना ताप आला. अकरा दिवस अंथरुणावर होते. बाराव्या दिवशी उठून बसले, अंघोळ केली, आणि भूक लागली म्हणाले. त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, उडदाच्या डाळीला लसणाची फोडणी दिली आणि ताट पुढं ठेवलं.

नानांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग थांबले.

"लसूण टाका नही का?"

"टाका ना. दहा पाकळ्या टाक्यात."

"मग असं पाणी का लागस?"

तानुबाईला वाटलं, तापानं तोंड गेलंय, येईल चार दिवसांत. पण आठ दिवस झाले, पंधरा झाले. नाना ताटावर बसून चिडायचे. मीठ कळायचं, चिंचेचा आंबटपणा कळायचा, मिरची तर जिभेला झोंबायची. पण मेथीची भाजी आणि अंबाडीची भाजी यांत, डोळे मिटले तर, काही फरकच उरला नव्हता. एक नुसती मऊ, एक मऊ आणि आंबट. ते तानुबाईवर ओरडायचे, ताट सरकवायचे, आणि मग वाटीभर लाल तिखट मागून घ्यायचे, निदान काहीतरी झालं असं वाटावं म्हणून.

कामावर ते चौथ्याच दिवशी गेले होते. पोत्यात हात घातला, दाणे चोळले, मूठ नाकाशी नेली. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. समोर ट्रकचा ड्रायव्हर उभा, बाजूला आवाराचा मुकादम हिलाल महाजन उभा. नानांनी डोळे मिटले, मनात पाच अंक मोजले आणि म्हणाले, "घ्या उतरून." दाण्याचा रंग बरा होता, हाताला कोरडा लागत होता; त्यावर त्यांनी सांगून टाकलं. पहिले तीन ट्रक निभावले. चौथ्याचं तेल घाण्यातून निघालं तेच खवट. अख्खी टाकी पुन्हा शुद्ध करायला लागली. दोष गोदामातल्या गळक्या पत्र्यावर गेला. चुडामण नानांचं नाक चुकेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी दुपारी नाना जेवायला घरी आले आणि हात न धुता चुलीपाशी बसले.

"तानु, मन्हं नाक गयं."

 तानुबाईनं फडताळातून हिंगाची डबी काढली, उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. नाना नुसते बघत राहिले. मग रॉकेलची बाटली. मग कांदा चिरला आणि अर्धा त्यांच्या तोंडाजवळ नेला. नानांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं, पण वास नाही. ते पाणी कांद्याचं किती आणि कशाचं किती, हे तिनं विचारलं नाही.

डॉक्टर झाले. त्यांनी सांगितलं, तापात कधीकधी आतली नस जाते. आली तर सहा महिन्यांत येईल, नाही तर नाही. नाना सहा महिने रोज सकाळी हिंगाची डबी हुंगत होते. नंतर त्यांनी ती डबी फडताळात मागं सारून ठेवली.

पण नोकरीचं काय करायचं, हा प्रश्न सहा महिने थांबणारा नव्हता. अभिमन, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा कॉलेजात होता. नाना म्हणाले, मी जाऊन सांगून टाकतो. तानुबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"कोणलेच सांगू नका. दाणा घर लई या. मी सांगस."

घर गिरणीपासून चालत दहा मिनिटांवर. नाना दुपारी बारा वाजता जेवायला येत. तेव्हापासून ते येताना रुमालाच्या चार कोपऱ्यांत चार ट्रकांचे दाणे बांधून आणू लागले. कोणत्या कोपऱ्यात कोणता माल, ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. सकाळी आलेल्या मालाचा निकाल ते आता दुपारनंतर सांगू लागले. गिरणीत त्याचीही गोष्ट झाली. हिलाल महाजन नव्या माणसाला सांगायचा, "नानाचं नाक जेवल्याबिगर चालत नाही. पोट भरलं की मग बघ."

पण तानुबाईला सुरुवातीला काही सांगताच येईना. तिनं तीन ढिगांचे दाणे हुंगले आणि म्हणाली, "तिन्हीस्ना वास दाणासनाच येस." तिला वास येत होता, पण त्याला नावं नव्हती. नानांकडं नावं होती, वास नव्हता. मग ते आठवून आठवून सांगू लागले. बसलेल्या मालाचा वास कसा, तर महिनाभर बंद असलेल्या घराची कडी काढून आत पाऊल टाकावं, तेव्हा येतो तसा. ओल लागलेल्याचा, भिजून सुकलेल्या गोणपाटासारखा. खवट व्हायला लागलेल्याचा, समईतल्या कालच्या वातीसारखा. आणि चांगल्याचा? चांगल्याचा सांगताना नाना अडखळले. शेवटी म्हणाले, लहान पोराच्या डोक्याला दुपारच्या उन्हात येतो तसा. तानुबाईनं लगेच मान हलवली. तो तिला माहीत होता.

महिनाभरात ती तयार झाली. पुढं तर नानांनी न सांगितलेलंही ती सांगायची. एकदा एका कोपऱ्यातले दाणे हुंगून म्हणाली, या पोत्यांत आधी कुणीतरी मिरची भरली होती. नानांनी ते गिरणीत सांगितलं तेव्हा माल आणणारा व्यापारी तोंड वासून बघतच राहिला. एका हिवाळ्यात तिला सर्दी झाली, तर नानांनी दाढ दुखते म्हणून चार दिवस रजा काढली आणि घरी तिला ओव्याचा शेक देत बसले. दोघंही त्या चार दिवसांत खूप हसले.

दाण्यांचे वास सांगता सांगता ती जेवणाचेही सांगू लागली. ते कधी सुरू झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. नाना पाटावर बसले की ती ताटाआधी बोलायला लागायची. "आज लसूण जरा जास्त तांबूस झालाय, करपला नाही, पण करपायच्या आधी जसा टोचतो तसा वास आहे. त्याच्यामागून डाळ येते, हळू." किंवा, भरीत ठेचताना, "लग्नानंतर तापीच्या काठी आपण हरभऱ्याचा हुळा भाजला होता ना, तुमचा हात भाजला होता, तसला धूर आहे आज." हे ती सगळं तिच्या अहिराणीत बोलायची, एका लयीत, जणू भाकरीच्या थापण्याबरोबरच ते बोलणं बाहेर पडत होतं. नाना ऐकत आणि घास घेत. वास येत नसेच. पण तिनं सांगितलं की तोंडात काहीतरी जागं व्हायचं, लांबून कुणी हाक मारल्यासारखं. ती हाक कुठून आली हे बघायला म्हणून ते पुढचा घास घेत.

बाकीच्या युक्त्याही तिच्याच. भाकरी तव्यावरून थेट ताटात, बोटं पोळतील अशी. भाजीबरोबर बिबड्याचा, ज्वारीच्या पापडाचा, तुकडा, दातांखाली वाजावा म्हणून. ठेचा पाट्यावर जाडसर, वरवंट्याखाली मिरचीचं बी फुटताना ऐकू येईल अशा बेतानं, नाना बसल्यावरच वाटलेला. आठ वर्षांत नानांची तब्येत पुन्हा होती तशी झाली.

नव्वद साली नाना निवृत्त झाले. गिरणीनं समारंभ केला, शाल आणि नारळ दिला. हिलाल महाजन भाषणात म्हणाला की असं नाक आता होणे नाही. बायकांच्या रांगेत तानुबाई डोक्यावरचा पदर सारखा करत बसली होती. नाना उभे राहिले. तोंडाशी आलं होतं. पण त्यांना वाटलं, आता इतक्या लोकांत हे सांगितलं तर आपणच खोटे पडू, आणि तिचीही शोभा होईल. ते "आपला सगळ्यांचा आभारी आहे" म्हणून खाली बसले. घरी आल्यावर त्यांनी ती शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिनं ती काढून, घडी करून पेटीत ठेवली आणि म्हणाली, "पहिले जेवी ल्या."

त्र्याण्णवच्या माघात तानुबाई गेली. सकाळी अंगण झाडताना छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

अभिमन तोवर धुळ्याला एका हायस्कुलात गणिताचा शिक्षक झाला होता. देवपुरात त्यानं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं छोटं घर बांधलं होतं. तो नानांना धुळ्याला घेऊन आला.

त्याची बायको लताबाई धुळ्यातच वाढलेली, नेटकी, आणि हातालाही चव असलेली बाई. सासरा आला म्हणून तिनं पहिल्या दिवशी मटारची उसळ, पुऱ्या, शेवयांची खीर असा बेत केला. टेबलावर ताटं मांडली. समोर टीव्ही लावला, नानांचं मन रमावं म्हणून. नानांनी दीड पुरी खाल्ली, खिरीच्या वाटीत चमचा फिरवला आणि "पोट भरलं बाई" म्हणून उठले.

पुढं रोज तेच. पोळीचा एक चतकोर, भाताचे चार घास. टीव्हीतली माणसं बोलत असत, पंखा फिरत असे, आणि नाना ताटातल्या पिवळ्या, हिरव्या, तांबड्या गोष्टींकडं अनोळखी माणसांकडं बघावं तसे बघत. कुणी काही सांगत नव्हतं. तोंडात घास फिरायचा, ओल्या कापसाचा बोळा फिरावा तसा, आणि गिळायचा कधी ते कळायचं नाही. कधीकधी ते घास तोंडात ठेवून थांबत, कान देऊन. मग त्यांच्या लक्षात येई की आपण कशाची वाट बघतोय, आणि घास तसाच खाली जाई, पाण्याबरोबर.

लताबाईनं सगळं करून पाहिलं. तिनं भरीत केलं, फुणके-कढी केली, शेजारच्या बाईंना विचारून अमळनेरच्या पद्धतीची वरण-बट्टी शिकली. अभिमननं एकदा हॉटेलातून झणझणीत शेवभाजी आणली. नानांनी वरची कुरकुरीत शेव तेवढी खाल्ली. डॉक्टरनं तपासलं, काही निघालं नाही. त्यानं टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाला, दुःख आहे, वेळ जाऊ द्या. आणि हेच नाना दुपारी, लताबाई भांडी घासत असताना, डब्यातले कच्चे पापड काढून गॅसवर भाजून एकापाठोपाठ एक खातात, कच्चा कांदा फोडून मिठाबरोबर खातात, हे तिनं दोनतीनदा पाहिलं. तिच्या मनाला ते टोचलं.

"माझ्या हातचं त्यांना चालत नाही," ती अभिमनला म्हणाली. "तसं तोंडावर तरी सांगावं."

अभिमननं वहीतून मान वर केली नाही. "आई गेली ना," एवढंच म्हणाला. आई हा विषय आला की तो वहीत असाच खोल जायचा.

नानांना लताबाईचं दुःख दिसत नव्हतं असं नाही. पण सांगायचं म्हटलं तर कुठून सुरू करायचं? नाक गेल्याचं सांगावं, तर नोकरीचं सांगावं लागणार. नोकरीचं सांगितलं, तर आठ वर्षं आपण फसवत होतो असं होणार. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ते गुपित त्यांचं आणि तानुबाईचं होतं. तिनंच कुणाला सांगू नका म्हटलं होतं. ती नसताना ते फोडायचं कसं?

मार्गशीर्षात एका सकाळी लताबाई बाजारात गेली होती. अभिमन शाळेत. नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पेपर वाचत बसले होते. थंडी म्हणून खिडकी लावलेली, मागचं दार लावलेलं. अकराच्या सुमारास त्यांना चहाची तलफ आली. त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली, चहाची पूड शोधली. मग काड्याची पेटी हातात घेतली, काडी काढली.

पुढच्या दारातून लताबाई आत आली आणि पिशवी टाकून किंचाळली.

"नाना! ओढू नका!"

तिनं धावत येऊन त्यांच्या हातावर फटकाच मारला. पेटी ओट्यावरून खाली पडली, काड्या विखुरल्या. तिनं आधी सिलिंडरचं बटण फिरवलं, मग खिडकी उघडली, दार उघडलं, नानांचा दंड धरून त्यांना अंगणात ओढत नेलं. शेगडीची रबरी नळी सिलिंडरपाशी चिरली होती. बहुधा लताबाई बाजारात गेल्यापासूनच घरात गॅस साठत होता. अंगणात येऊन ती पायरीवर बसली.

"सगळं घर भरलंय गॅसनं. मी कोपऱ्यावर आले तर वास आला. आणि तुम्ही तिथंच बसलेले! नाना, वास येत नाही का तुम्हाला?"

माणसं रागानं म्हणतात तसं ती म्हणाली होती. उत्तराची वाट न बघता पदरानं तोंड पुसत होती.

"नाही," नाना म्हणाले.

"काय नाही?"

"वास येत नाही. अकरा वर्षं झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उन्हात पायरीवर बसून, आत खिडकीतून वारा खेळत असताना, ताप, हिंगाची डबी, रुमालाचे चार कोपरे, बंद घराचा वास, पोराच्या डोक्याचा वास, सगळं. मध्येच ते अहिराणीवर जायचे, मग पुन्हा धुळ्याच्या बोलीवर यायचे. लताबाई ऐकत होती. हातातल्या पदराचा तिनं पीळ केला होता. नाना थांबले तेव्हा तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले.

"म्हणजे माझी भाजी… दहा महिने मी रोज रडतेय, नाना. मला वाटलं तुम्हाला माझा हात आवडत नाही."

"तुझा हात कसा आहे ते मला अजून माहीतच नाही, बाई."

त्या दिवसापासून लताबाईनं घर बदललं. जेवताना टीव्ही बंद झाला. टेबलावर अभिमनच्या वह्या गेल्या आणि ताटं स्वयंपाकघरात जमिनीवर आली, शेगडीपासून हातभर अंतरावर. फोडणी ती नाना बसल्यावर घालू लागली, मोहरी तडतडलेली त्यांना ऐकू जावी म्हणून. पोळीच्या जागी भाकरी आली, बिबडे आले, खलबत्त्यात ठेचा आला. नाना बरे खाऊ लागले. एका भाकरीपर्यंत आले.

पण सांगणं तिला जमेना. "छान वास येतोय," ती म्हणायची. नाना विचारायचे, कसा छान? "म्हणजे… भाजीचा. खमंग." नाना हसून मान हलवायचे, आणि ती ओशाळायची. तिला वाटायचं, आपण परीक्षेत नापास झालो.

आणि नानांना वेगळंच काही लागलं होतं. एकदा बोलून टाकल्यावर ते त्यांच्या पोटात राहीना. लताबाईला कळलं, अभिमनला कळलं. अभिमन ऐकून उठून गच्चीवर गेला होता आणि तासानं खाली आला होता. पण ज्यांनी शाल दिली त्यांना कुठं ठाऊक होतं? नानांना वाटू लागलं, तानुबाईचं नाव तिथं एकदा तरी घेतलं गेलं पाहिजे.

पौषात एक दिवस ते एस.टी.नं अमळनेरला गेले. हिलाल महाजन आता घरीच असायचा, गुडघे धरले होते. त्यानं नानांना बघून आरोळीच ठोकली, खाटेवर बसवलं, चहा मागवला. नानांनी चहा येऊ दिला आणि मग सांगितलं. शेवटची आठ वर्षं ते नाक माझं नव्हतं, हिलाल भाऊ. तानुचं होतं.

हिलाल आधी मांडीवर थाप मारून हसला. मग नानांचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं.

"नाना, मी सोता बाजूला उभा राहायचो. तू मूठ नाकाला लावायचा, डोळे मिटायचा. मन्हा डोळास्नी पाह्यनं ना मी."

"ते नाटक होतं. निकाल दुपारून सांगायचो ना? जेवून आल्यावर?"

"ते तर जेवल्यावर नाक उघडतंच माणसाचं." हिलालनं नानांच्या पाठीवर हात ठेवला. "असं व्हतं, भाऊ. वहिनी गई, मन फिरस. बठ्ठं, सगळं काही, तिनंच करं असं वाटस. मन्ही गेली तव्हय मलेबी तसंच व्हतं."

नानांनी आणखी एकदोनदा सांगून पाहिलं. मिरचीच्या पोत्यांचं सांगितलं. हिलाल म्हणाला, "ते तर तुन्हं सगळ्यात मोठं काम!" तो प्रेमानं बोलत होता, आणि त्या प्रेमातून आत शिरायला वाट नव्हती. निघताना नाना गिरणीच्या गल्लीतून मुद्दाम गेले. या गल्लीत तेलाचा वास तीन घरांपलीकडून येतो, असं सगळे म्हणत. नानांना भिंतीची ऊब लागली, घाण्याची घरघर ऐकू आली, चपलेखाली जमीन किंचित चिकटली. त्यांनी बारा वाजता घराकडं वळायचं ते वळण घेतलं नाही. सरळ स्टँडवर आले.

धुळ्याला पोचेपर्यंत दिवस कलला होता. लताबाई शेगडीवर भरताचं मोठं, हिरवं, बामणोदी वांगं भाजत होती. तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"पटलं नाही त्यांना?"

नानांनी मान हलवली आणि पाय धुऊन तिच्याजवळ पाटावर बसले.  वांग्याची साल काळी पडत होती.

"नाना," लताबाई म्हणाली, "मला सांगता येत नाही. तुम्हीच सांगा. आई आत्ता इथं असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

नानांनी वांग्याकडं बघितलं. एका जागी साल तडकली, आतलं पाणी ज्वाळेवर पडून चुर्र झालं. ते सुरुवातीला चाचरले. मग तानुबाईच्याच लयीत, तिच्याच अहिराणीत बोलू लागले. "पहा, आते साल फुटनी. आते धूर गोड व्हयना. कपाशीन्या काड्यास्ना धूर शे, डोळाले लागत नही, गळाले लागस…" ते बोलत गेले, डोळे मिटून. लताबाई चिमटा हातात धरून ऐकत होती. मग तिनं वाकून वांग्यावरची वाफ हुंगली आणि कपाळाला आठी घातली.

"नाही, नाना."

नानांनी डोळे उघडले.

"धुराचा नाही येत. काड्यांवर कुठं भाजलंय, गॅसवर भाजलंय. हा वेगळाच आहे." तिनं पुन्हा हुंगलं. "माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं ना. नव्या कापडावर पाणी शिंपडून गरम इस्त्री टेकवली की जी वाफ यायची, तसा आहे. करपायच्या जरा आधीचा. मी शाळेतून आले की तिथंच बसायचे. वडील ओरडायचे, लांब हो, भाजेल. तसा वास आहे. पण त्यात खाली काहीतरी गोड आहे, कापडात नव्हतं ते."

बोलून झाल्यावर ती स्वतःच चकित झाली. नाना तिच्याकडं बघत होते.

तिनं वांगं सोललं, ठेचलं, मिरची-लसूण घातला, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. अभिमन शाळेतून आला, हातपाय धुऊन बापाशेजारी बसला. लताबाईनं त्याच्याही पुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "वास कसा येतोय ते सांगा नानांना."

अभिमन गोंधळला. त्यानं ताटावर नाक नेलं, थोडा वेळ तसाच वाकून राहिला. "वांग्याचा," तो म्हणाला.

लताबाई हसली, नानाही हसले. अभिमन लाजला, पण त्यानं पुन्हा खाली वाकून हुंगलं, अवघड गणित दुसऱ्यांदा वाचावं तसं.

नानांनी घास घेतला. भाकरी पोळत होती, दाणे दातांखाली फुटत होते, मिरची चढत होती, आणि या सगळ्याच्या मागं कुठंतरी एका शिंप्याच्या दुकानातली, त्यांनी कधी न पाहिलेली वाफ होती. ती त्यांना नीट सापडत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. एक भाकरी संपली. लताबाईनं काही न विचारता अर्धी आणखी टाकली. तीही त्यांनी खाल्ली.

शेवटच्या तुकड्यानं त्यांनी ताट पुसून घेतलं.

"तानुनं इस्त्रीचं कधीच सांगितलं नसतं," ते म्हणाले. "आमच्या घरी इस्त्रीच नव्हती."